गाव कोठे आहे?

स्थलांतराच्या कथा बहुधा माणूस गाव सोडतो तेथून सुरू होतात. परमुलखात त्याची भाषा, पोशाख आणि रीतिरिवाज हळूहळू पालटत जातात, आणि या साऱ्यातून आपण कोण म्हणून उरलो, असा प्रश्न त्याला एके दिवशी पडतो. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या उर्दू कथेत मात्र माणूस जागचा हललेलाच नाही. हलली आहे ती सरहद्द, आणि म्हणूनच या विषयावरील इतर कथांहून ती मला अधिक मूलगामी वाटते.

फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी उभय सरकारे असे ठरवितात की, कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल व्हावी. ही वार्ता लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळात पोहोचल्यावर तेथे जी चर्चा चालते, ती त्या काळच्या कित्येक शहाण्यांच्या चर्चेहून सुसंगत आहे. एक जण झाडावर चढून बसतो आणि हिंदुस्थान नको, पाकिस्तानही नको, आपण या झाडावरच राहणार, असे जाहीर करतो. प्रेमभंगाने वेडा झालेल्या हिंदू वकिलाची प्रेयसी अमृतसरची. तरीही तो लाहोर सोडण्यास राजी नाही, कारण अमृतसरात आपली वकिली चालणार नाही अशी त्याला धास्ती! (मुंबईच्या चित्रपटव्यवसायातील जम बाजूस सारून १९४८ साली लाहोरास गेलेल्या लेखकाला ही धास्ती परकी नसावी.)

कथेचा नायक बिशनसिंग हा टोबा टेकसिंग येथील सुखवस्तू जमीनदार. इस्पितळातील पंधरा वर्षांत तो कधी आडवा झाला नाही, असे पहारेकरी सांगतात. अदलाबदलीची वार्ता आल्यापासून तो भेटेल त्याला आपले गाव कोठे आहे एवढेच विचारतो, आणि लोक त्यालाच टोबा टेकसिंग म्हणू लागले आहेत. सरकारी दप्तराने शीख म्हणून त्याचा निवाडा केव्हाच केला आहे. त्याची जमीन कोठे, जुना स्नेही फजलदीन कोठे, यांस त्या दप्तरात रकाना नाही. अदलाबदलीसाठी सरहद्दीवर नेल्यावर वाघा येथे अंमलदाराकडून गाव पाकिस्तानात राहिल्याचे कळताच तो पुढे जाण्याचे साफ नाकारतो, आणि अखेर दोन्ही कुंपणांमधील बेवारस जमिनीवर पालथा कोसळतो.

मंटोने न सांगितलेली एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. टोबा टेकसिंगचा तो मुलूख १८९२ साली चिनाबचा कालवा सुरू झाल्यानंतर वसत गेला, आणि तेथील ओसाड जमिनी इंग्रज सरकारने मुख्यत्वे पूर्व पंजाबातून आणलेल्या शेतकऱ्यांना दिल्या. बिशनसिंगाच्या आजोबांना कोणी त्यांचे गाव विचारले असते, तर त्यांनी कदाचित जालंधर वा अमृतसर जिल्ह्यातील एखादे नाव सांगितले असते.