पडद्याची निवड : वर्ग, सभागृह आणि घर



प्रक्षेपक घेताना शाळा व कार्यालये महिनोन्‌महिने चौकशी करतात. पडदा मात्र उरलेल्या पैशांत, शेवटच्या दिवशी घेतला जातो. त्याचा परिणाम वर्गाच्या शेवटच्या बाकावर दिसून येतो. तेथील मूल पडद्याकडे पाहत असते, पण वाचत नसते. आणि अक्षर दिसत नाही, हे ते सहसा सांगतही नाही.

तेव्हा पडद्याचे माप त्या शेवटच्या बाकापासूनच घ्यावयास हवे. वाचण्याचा मजकूर दाखवावयाचा असेल तर शेवटच्या प्रेक्षकाचे अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीहून अधिक नसावे, असा व्यवहारातील संकेत आहे. नकाशे, आकृत्या यांसारखा बारीक तपशील असेल तर चौपट. नुसता चित्रपट असेल तर आठपटही चालते. वर्ग चोवीस फूट खोल असल्यास चित्राची उंची चार फूट, आणि १६:९ या आजच्या प्रमाणानुसार रुंदी सुमारे सात फूट येते. खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवली की पुढच्या डोक्यांचा अडथळा बहुतांशी टळतो. दहा फूट उंचीच्या खोलीत हे सर्व सहज बसते. तरीही अनेक ठिकाणी पाच फुटी पडदा टांगलेला आढळतो, आणि दोष मात्र मुलांच्या डोळ्यांना दिला जातो.

मापानंतर पृष्ठभाग. ‘रुपेरी पडदा’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो उगाच नव्हे. जुन्या चित्रगृहांतील दिवे मंद असत, म्हणून पडद्यावर चंदेरी धातूचा लेप देऊन प्रकाश प्रेक्षकांकडे अधिक प्रमाणात परतविला जाई. या परतविण्याच्या मापाला व्यापारात ‘गेन’ म्हणतात. साध्या निस्तेज पांढऱ्या पडद्याचा गेन सुमारे १ असतो. मोठा आकडा पाहून ग्राहक भुलतो. परंतु पडदा स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. मध्यभागी जे अधिक मिळते ते कडेच्या प्रेक्षकांच्या वाट्यातून काढलेले असते. बारीक काचमण्यांचा पडदा तर आलेला प्रकाश आल्या दिशेनेच परत धाडतो. यंत्र श्रोत्यांमध्ये मेजावर ठेवले जाई तेव्हा ते सोयीचे होते. आज यंत्र छताला टांगलेले असताना तो प्रकाश छताकडे जातो. रुंद वर्गासाठी, तसेच लांब मेजाच्या दोन्ही बाजूंना अधिकारी बसतात अशा सभागृहासाठी, निस्तेज पांढरा पडदाच योग्य होय. चकचकीत पांढऱ्या फळ्यावर चित्र टाकण्याची सवय मात्र सोडावी. दिव्याचा तेजस्वी ठिपका नेमका मजकुरावर येतो. त्यापेक्षा निस्तेज रंग दिलेली सपाट भिंत बरी, आणि तिला जवळजवळ खर्चही नाही.

खरा शत्रू म्हणजे खोलीतील उजेड. प्रक्षेपक काळा रंग फेकू शकत नाही. जेथे तो प्रकाश टाकत नाही, तेथे जो काही उजेड पडद्यावर असेल तोच ‘काळा’ म्हणून दिसतो. ३,००० ल्यूमेनचे यंत्र सात फूट गुणिले चार फूट पडद्यावर सुमारे १,१५० लक्स प्रकाश देते. खिडकीतून व दिव्यांतून पडद्यावर २०० लक्स येत असेल, तर पांढरा भाग काळ्याच्या सातपटही उजळ नसतो. तोच उजेड ५० लक्सवर आणला की हे प्रमाण चोवीसपट होते. मजकूर नीट वाचता येण्यास ते पंधरापट तरी असावे लागते. म्हणजे महागड्या पडद्याच्या आधी खिडक्यांना जाड पडदे लावावेत आणि पडद्याजवळच्या दिव्यांना स्वतंत्र बटण द्यावे. वायरमनचे हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. पण निविदेत ते कोणी लिहीत नाही.

घरी गोष्ट वेगळी. तेथे प्रेक्षक चार-पाच, अंतर दहा-बारा फूट. शंभर इंच कर्णाचा, म्हणजे सव्वासात फूट रुंद व चार फूट उंच पडदा पुरेसा होतो. जागा कायमची असेल तर चौकटीवर ताणलेला पडदा घ्यावा, कारण गुंडाळीच्या कापडाला कालांतराने लाटा येतात. भिंतीलगत ठेवून वर चित्र फेकणाऱ्या नव्या यंत्रांच्या बाबतीत तर या लाटा फारच खुपतात, कारण प्रकाश पृष्ठभागाला घासत जातो. अशा यंत्रांसाठी वरून येणारा उजेड शोषून घेणारे खास पडदे मिळतात. ते महाग असतात आणि इतर यंत्रांना उपयोगी पडत नाहीत. म्हणून आधी यंत्र ठरवावे, मग पडदा.

गोवा-कोकणासारख्या दमट प्रदेशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिपाईचे सांधे व गुंडाळीची स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजतात, आणि ओलसर कापड गुंडाळून ठेवल्यास पावसाळ्यात त्यावर बुरशीचे डाग पडतात. ते डाग सहसा जात नाहीत, आणि पुढे प्रत्येक चित्रात दिसत राहतात. पावसाळ्यात पडदा आठवड्यातून एकदा उघडून, पंख्याखाली काही वेळ वाळवून, मगच गुंडाळावा; धूळ मऊ कोरड्या फडक्याने टिपावी, ओल्या फडक्याने घासू नये.