मनगटावरचा पट्टा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत इतिहास, संगीत आणि संतवाङ्मय यांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यानंतर घड्याळाच्या चामडी पट्ट्यावर बोलणे म्हणजे पंचपक्वान्नांनंतर चुरमुरे वाढण्यासारखे आहे. तरीही हा विषय मी जाणूनबुजून निवडला. आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात वडिलांचे किंवा सासऱ्यांचे किल्लीचे घड्याळ पडून आहे. ते बहुधा एच. एम. टी.चे असते. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला त्या घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि २०१६ साली केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनी मिटली, परंतु नीट जपलेल्या ‘जनता’ घड्याळाला किल्ली दिली की ते आजही टिकटिकू लागते. मग ते कपाटात का? पुष्कळदा दोष यंत्रात नसतोच. पट्टा तुटलेला असतो, एवढेच.

पट्टा हा घड्याळाचा झिजण्यासाठीच नेमलेला भाग आहे. त्याने झिजावे, बदलला जावा आणि घड्याळाने पुढे चालावे, अशी ही योजना. म्हणून तो निवडायचा कसा, हे ठाऊक असणे म्हणजे घड्याळ वाचवणे होय.

माझी उमेद सरकारी कचेरीत गेली. तेथे एक शिस्त अंगी मुरते : आधी गरज लिहावी, मग माल तपासावा आणि दर सर्वांत शेवटी विचारावा. बाजारात मात्र आपण आधी रंग पाहतो, लगेच दर विचारतो आणि माप दुकानदारावर सोपवतो.

प्रथम माप घेऊ. घड्याळाच्या कवचाला वर-खाली दोन दोन कान असतात. त्या कानांमधले अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजावे. पुरुषांच्या जुन्या घड्याळांत ते बहुधा १८ भरते, नव्यांत २० किंवा २२. जुना पट्टा मोजू नये. तो घामाने आकसलेला किंवा कडांनी झडलेला असतो. एक मिलिमीटर अरुंद पट्टा कानांत सरकत राहतो. रुंद असला तर कडा चुरगळतात. लांबीचा निकष सोपा आहे. बक्कल मधल्या भोकात बसावे, म्हणजे उन्हाळ्यात मनगट थोडे फुगले तरी एक भोक हाताशी राहते.

दुसरी गोष्ट हवेची. पुण्याच्या हिवाळ्यात मनगट कोरडे राहते. येथे मार्गळीचे थोडे दिवस सोडले, तर समुद्राची दमट हवा आणि घाम वर्षभर सोबतीला असतात. अग्निनक्षत्राच्या दिवसांविषयी तर बोलायलाच नको. घामातले क्षार चामड्यात आतून शिरतात. म्हणून चेन्नईत पट्टा वरून फाटण्याआधी आतून कुजतो. दुकानात आपण पट्ट्याची वरची झिलई पाहतो. पाहायला हवे ते अस्तर. अस्तर खऱ्या, मऊ चामड्याचे असावे, आणि पट्टा नुसता चिकटवलेला नसून कडेने शिवलेला असावा. ‘अस्सल चामडे’ या शिक्क्यावर विसंबू नये. कातड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या थरावर रंगाचा लेप दिला, तरी तो शिक्का बसतो. पट्टा हलकेच वाकवून पाहावा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि विरतात. लेपावर तडा दिसतो. मी एकदा एका दुकानातून घेतलेला चकचकीत पट्टा तीन महिन्यांत पापुद्र्यापापुद्र्याने सुटला.

कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक झाडांच्या सालींची. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. तामिळनाडूत त्यासाठी आवारमची साल वापरत आले. आवारम म्हणजे आपल्या माळरानावरचा तरवड! दुसरी रीत क्रोमच्या क्षारांची. ते चामडे मऊ असते आणि ओल अधिक सोसते. सालीवरचे चामडे घामाने काळवंडते. पण ज्यांच्या त्वचेला क्रोम सोसत नाही, त्यांनी तेच घ्यावे.

येथे दराचा प्रश्न येतो, आणि तो केवळ आपल्या खिशाचा नाही. अंबूर, वाणियंबाडी आणि राणीपेट ही पालार नदीच्या खोऱ्यातली चामड्याची गावे. तेथील कारखान्यांच्या सांडपाण्याने नदी आणि विहिरी नासल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या याचिकेवर कडक निकाल दिला. आपल्या अड्यारला १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था हेच काम कमी पाण्यात आणि कमी विषात कसे होईल, याचा शोध घेत आली आहे. सारांश, प्रत्येक पट्ट्यामागे कोणाच्या तरी विहिरीचे पाणी खर्ची पडलेले असते. वर्षात तीन स्वस्त पट्टे फेकण्यापेक्षा एक चांगला दोन-तीन वर्षे वापरावा, हा हिशेब म्हणूनच मला अधिक प्रामाणिक वाटतो.

तो टिकावा कसा? स्नानापूर्वी घड्याळ काढावे. घरी आल्यावर पट्टा आतून कोरड्या फडक्याने पुसून सावलीत ठेवावा. उन्हात वाळवला तर तो कडक होतो. ऐप्पसीच्या पावसात नायलॉनचा पट्टा लावून चामड्याला रजा द्यावी. ज्या घरांत चामडे वर्ज्य आहे, त्यांनाही नायलॉनचाच मार्ग उत्तम. आणि पट्टा बदलताना स्प्रिंगच्या दोन्ही पिनाही बदलून घ्याव्यात. त्या घामाने गंजतात. पट्टा शाबूत असताना पिन तुटली, तर वडिलांचे घड्याळ थेट फरशीवर पडते. चार पैशांच्या पिनेसाठी एवढी जोखीम कोणी घ्यावी?

श्रोतेहो, आपल्या मंडळालाही पन्नास वर्षे झाली. या काळात कार्यकर्ते बदलले, पिढ्या बदलल्या. मंडळ मात्र चालत राहिले, कारण जीर्ण झालेले वेळीच बदलण्याची दक्षता कोणीतरी घेतली. उद्या आपले कपाट उघडा, घड्याळाचे कान मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून मगच बाजारात जा.