दारातला निंब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचे वक्ते बोलवायचे, ही आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, "अहो, मी काय बोलणार? माझे जग उंबरठ्यापासून अंगणापर्यंत." त्या म्हणाल्या, "मग अंगणावरच बोला." तेव्हा आज आमच्या अंगणातल्या एकाच झाडावर बोलते. ते पुष्कळजणींनी पाहिले आहे. एकदोघींनी त्याच्यापायी आमच्याशी अबोलाही धरला होता, त्यांना आज सगळी हकीकत सांगून टाकते.

आपला सांगोल्याचा मुलूख कोरडा. इथे न लावता झाड उगवले, की ते उपटायला हात धजत नाही. आमच्या मोरीच्या पाण्यावर, भिंतीच्या कडेला एक रोप आपसूक वर आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "लिंब आहे, असू दे. दारात लिंब असावा." पाने तशीच दिसत होती, कोणी शंका घेतली नाही. तीनचार वर्षांत झाड छपराच्या वर गेले आणि दुपारी आम्ही त्याच्या सावलीत गहू निवडायला बसू लागलो.

एका पाडव्याला गुढीसाठी मी त्याचा डहाळा काढत होते. दूध घालणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वैनी, ह्यो आपला लिंब न्हाई बगा. आपल्या लिंबाला पांढरी फुलं येत्यात. हेची तर जांभळी हायती." मी हसले आणि डहाळा गुढीला बांधला. बरे इतकेच झाले, की गूळ, जिरे, हिंग घालून जी चटणी आपण करतो, तिच्यासाठी सासूबाईंनी देवळाजवळच्या जुन्या लिंबाची पाने आधीच आणवली होती.

पुढे मार्गशीर्षात झाडाची पाने गळू लागली आणि पिवळ्या गोल फळांचे घोस उघडे पडले. शेजारच्या काकूंचा नातू, पाच वर्षांचा, बोरे म्हणून ती फळे खाऊन बसला. तासाभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या. दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "काय खाल्ले?" आम्ही सांगितले, "लिंबोळ्या." ते म्हणाले, "मार्गशीर्षात लिंबोळ्या कुठल्या?" आमच्यापैकी कोणाला उत्तर देता आले नाही. भगिनींनो, दहा वर्षे त्या झाडाखाली वावरलेली मी, आणि मुलाच्या पोटात काय गेले एवढेही मला सांगता येऊ नये! ती लाज अजून गेलेली नाही.

मूल दुसऱ्या दिवशी खेळू लागले. पण काकूंनी निक्षून सांगितले, "झाड तोडा." त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. नगरपालिकेच्या हद्दीतले झाड परवानगीवाचून तोडता येत नाही, तसा 1975 चा कायदाच आहे. म्हणून हे अर्ज लिहायला बसले. लिहिता लिहिता थांबले आणि मला विचारले, "झाड कोणते म्हणून लिहू?"

मग शोध सुरू झाला. कोणी म्हणाले कडुलिंबच, जमिनीच्या दोषाने फळ बिघडले. कोणी महानिंब म्हणाले. हे नाव तर लोक दोन वेगळ्या झाडांना देतात. भाच्याने मोबाईलवर पानाचा फोटो काढला. मोबाईलने एकदा कडुलिंब सांगितले, दुसऱ्यांदा महारुख. शेवटी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना घरी बोलावले. त्या म्हणाल्या, "शेंड्याला थोडी पाने उरली आहेत, त्यातले एक पान मला तोडून द्या." मी दिले. त्या हसल्या, "हे पान नव्हे, पानाचा तुकडा आहे."

तो धडा मी आज तुम्हाला देते. आपण ज्याला लिंबाचे पान म्हणतो ती खरी पर्णिका. डहाळीला जिथे देठ चिकटतो, त्या बेचक्यात बारीक डोळा असतो. तिथपासून टोकापर्यंतचे सगळे मिळून एक पान. कडुलिंबाच्या पानाला मधोमध एकच दांडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना फणीच्या दातांसारख्या पर्णिका. पर्णिका कोयत्यासारखी वाकडी, कडेला करवतीचे दाते. आमच्या झाडाच्या पानाला मधल्या दांडीवर पुन्हा आडव्या दांड्या फुटलेल्या होत्या, आणि पर्णिका त्यांच्यावर. म्हणजे एकेक पान लहानशा डहाळीएवढे! महारुखाचे पान याहून वेगळे. ते हातभर लांब, दांडी एकच, पर्णिका मोठ्या, चुरगळली तर उग्र वास, आणि फळ चपटे पंखाचे.

मग फूल. कडुलिंबाचे पांढरे. याचे फिके जांभळे, मधोमध गडद जांभळी नळी. दूधवाल्या मावशींचे बोलणे तेव्हा आठवले. मग फळ. लिंबोळी लांबट, उन्हाळा सरता सरता नि पावसाच्या तोंडाला पिकणारी. याचे फळ गोल, हिवाळ्यात पिवळे होणारे आणि पाने झडून गेली तरी महिनेच्या महिने लटकणारे. त्याची आठळी टणक, कंगोरेदार, आणि मधून आरपार भोक. त्यामुळे जपमाळेला तिचे मणी करतात. आमच्या घरचा हा 'लिंब' म्हणजे बकाण निंब होता. त्याची फळे पाखरे खातात आणि आठळ्या दूर नेऊन टाकतात. आमच्या मोरीवर झाड लावले ते असे पाखरांनी. पण माणसाला, विशेषतः लहान मुलांना, ते फळ विषारी.

मी खजील झाले हे पाहून बाई म्हणाल्या, "फार मनाला लावून घेऊ नका. लिनियस नावाच्या स्वीडनच्या पंडिताने 1753 साली झाडांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा त्यानेही या दोघांना एकाच घरात बसवले होते. 1830 साली जुस्यू या फ्रेंच पंडिताने कडुलिंबाला वेगळे बिऱ्हाड करून दिले." दोघांच्याही शास्त्रीय नावांत 'आझाद दरख्त' हा एकच फारसी शब्द दडलेला आहे. अलीकडे शेतकरी बांधावर मलबार निंब लावतात, तोही बकाणाच्याच घरातला. नात्यातली माणसे तोंडावळ्याने सारखी असतात, म्हणून जावेच्या नावाची चिठ्ठी आपण नणंदेला देत नाही. झाडांच्या बाबतीत मात्र सर्रास तेच करतो.

आता तोडायचे की ठेवायचे? नाव कळल्यावर काकूंशी बसून बोलता आले. आधी त्या "विषारी झाड" म्हणत होत्या आणि आम्ही "देवाचे झाड" म्हणत होतो, मग बोलणे व्हायचे कसे? ठरले ते असे. भिंतीपलीकडे गेलेल्या फांद्या रीतसर उतरवल्या. हिवाळ्यात रोज सकाळी पडलेली फळे मी झाडते, त्यात खाडा नाही. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खरा कडुलिंब लावला आहे. त्याची सावली पडू लागेपर्यंत बकाणाला मुदत, पुढचे काकू सांगतील तसे. नातवाला दोन्ही पाने शेजारी ठेवून दाखवली आहेत. आता तोच इतर मुलांना दटावतो.

भगिनींनो, आपल्याला झाडाचे नाव दोनच वेळी लागते. एक त्याचे काही तोंडात घालताना, आणि दुसरे त्याच्या बुडाशी कुऱ्हाड नेताना. दोन्ही वेळी अंदाज कामाचा नाही. एका पानावरून, एका फोटोवरून नाव ठरवू नका. अख्खे पान, फूल आणि फळ पाहा, फूल आले नसेल तर वर्षभर थांबा. मुलाने अनोळखी फळ खाल्लेच, तर घरी काढे पाजत बसू नका. मुलाला आणि त्या झाडाच्या फळांसकट डहाळीला एकदमच दवाखान्यात न्या. येत्या पाडव्याला डहाळा खुडताना आधी फुलाचा रंग पाहा.

दूधवाल्या मावशींना मी मागाहून सगळे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "म्या तवाच सांगितलं व्हतं की, वैनी." खरे आहे. जाणणारे माणूस दारात उभे होते, ऐकणारी मी नव्हते.