गाडीवरचे ओरखडे येतात कुठून?

पाऊस ओसरत आलाय, दसरा जवळ आलाय. पूजेला गाडी लख्ख दिसायला हवी, म्हणून आता घरोघरी बादल्या निघतील. वर्षातून एकदाच स्वतःच्या हाताने गाडी धुणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि ती बहुधा खंडेनवमीलाच धुतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. पहिलीच गाडी घेतलेल्यांसाठीही.

रात्री पेट्रोल भरायला गेलात की एक बघा. गडद रंगाची एखादी गाडी पंपाच्या दिव्याखाली उभी असेल, तिच्या बॉनेटकडे जरा तिरपं बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. या गाडीला कुणी धडक दिलेली नसते, की किल्लीने ओरखडलेलं नसतं. त्या रेघा रोज सकाळी तिच्यावर मोठ्या मायेने फिरवलेल्या फडक्याने पडलेल्या असतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही त्या असतात, फक्त दिसत नाहीत.

कारण सोपं आहे. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतलं क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं. गाडीच्या रंगावरचा सगळ्यात वरचा थर मात्र एका पारदर्शक रेझिनचा असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात, आणि गाडीची सगळी चकाकी त्याचीच. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर हा क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. कोरडं फडकं घेऊन धूळ झटकणं म्हणजे या पातळ थरावर वाळू घासणं. मी तर म्हणेन, गाडी आठ दिवस धुळीने माखलेली राहिली तरी चालेल, कोरडं फडकं तेवढं मारू नका.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पहाटे गाड्या पुसणारे येतात. एक बादली, एक फडकं आणि रांगेने लावलेल्या गाड्या. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीला लागते. यात त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याच्या ज्या पैशांत आपण हे काम करून घेतो, त्यात दुसरं काय होणार? त्याला सरळ सांगा, रोज येऊ नकोस, आठवड्यातून दोनदा ये, आणि आमच्या गाडीला हे आमचं फडकं आणि स्वच्छ पाणी वापर. पैसे तेवढेच द्या. त्याचाही वेळ वाचेल.

आता धुण्याकडे वळू. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, जागा सावलीतली. बॉनेटला हात लावून बघा, थंड असलं तरच सुरुवात करा. तापलेल्या पत्र्यावर साबण आणि पाणी वाळून बसतं आणि डाग राहतात. साबण कपड्यांचा नको, भांड्यांचाही नको. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. भांड्यांचं द्रावण तूप-तेल काढायलाच बनवलेलं, ते गाडीवरचं वॅक्सही काढून टाकतं. कार शाम्पूची छोटी बाटली आणा, बादलीला बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला. जास्त फेस म्हणजे जास्त सफाई, हा गैरसमज आहे. जास्तीचा फेस धुवायला पाणी मात्र जास्त जातं.

बादल्या दोन घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. मायक्रोफायबरचा हातमोजा मिळतो, तो उत्तम. नसेल तर मायक्रोफायबरचं जाड फडकं. स्पंज शक्यतो टाळा. त्याच्या सपाट तोंडावर कण अडकून राहतात आणि तेच पुढे घासले जातात. आधी चाकं धुऊन घ्या, वेगळ्या ब्रशने आणि वेगळ्या मग्गाभर पाण्याने, कारण चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते, ती वरच्या रंगाला लागता कामा नये. मग सगळ्या गाडीवर पाणी सोडा आणि माती भिजू द्या. ही घाई करायची जागा नव्हे. माती जेवढी आपोआप वाहून जाईल, तेवढं घासणं कमी. मग वरून खाली या. आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी खालचा, कारण खरी वाळू तिथे असते. एक दरवाजा झाला की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून काढा, पिळा, मगच पुन्हा शाम्पूत बुडवा. त्या बादलीच्या तळाशी शेवटी जमलेली माती बघितलीत की दुसरी बादली कशाला, हे कुणाला विचारावं लागणार नाही. हात सरळ रेषेत फिरवा आणि दाब देऊ नका.

पाइप लावून अंगणात पाणी सोडून देणाऱ्यांचं मला कौतुक नाही. मराठवाड्यात काय किंवा एप्रिलमधल्या पुण्यात काय, टँकरची वाट बघणाऱ्या शेजाऱ्यांसमोर ते शोभत नाही. मध्यम आकाराची गाडी तीन-चार बादल्यांत नीट धुऊन होते. पाणी बोअरचं असेल तर मात्र सावध राहा. त्यातले क्षार पाणी उडून गेल्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात, आणि उन्हात तापत राहिले की क्लिअर कोटमध्ये रुततात. निदान शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या. आणि गाडी आपोआप वाळायला सोडू नका, लगेच टिपून घ्या. मोठं, जाड मायक्रोफायबरचं फडकं पसरायचं, वरून हात फिरवायचा, उचलायचं. ठिपके पडलेलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून, थंड पत्र्यावर, थोडा वेळ फडक्याने लावा आणि लगेच धुऊन टाका.

पावसाळ्यानंतरच्या धुण्यात आणखी एक काम असतं, आणि रंगाच्या चकाकीपेक्षा मी त्याला जास्त महत्त्व देतो. चाकांच्या वरच्या कमानीत चार महिन्यांचा चिखल थापलेला असतो. कोकणातल्या गाड्यांत तर तांबड्या मातीचे थर असतात. चिखल ओलावा धरून ठेवतो आणि तिथूनच पत्रा कुजतो. तो हाताने, काडीने, पाण्याच्या धारेने, जमेल तसा काढा. मग दरवाजे उघडून त्यांच्या खालच्या कडेला बघा. तिथे लहान भोकं असतात. काचेवरून दरवाज्यात उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. भोकं मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि दरवाजा आतून गंजतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत कळत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो. एक काडी घालून ती मोकळी करा. तसंच पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी साचलेला पालापाचोळा उचला. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे आणखी लागू आहे. आणि गाडी वाळूत नेऊन समुद्राचं पाणी अंगावर घेतलं असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने ती खालून धुवा. इंजिनवर मात्र पाइप धरू नका, तिथे विजेच्या जोडण्या असतात.

कावळ्या-कबुतरांची विष्ठा दिसली की आठवड्याच्या धुण्याची वाट बघू नका. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात तापलेल्या क्लिअर कोटवर खोलगट डाग पाडते. ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. नखाने खरवडू नका. डांबराच्या ठिपक्यांना फडक्यावर दोन थेंब रॉकेल चालतं, पण लगेच तेवढा भाग शाम्पूने धुवा. रॉकेलने सबंध गाडी पुसून चमकवण्याची जुनी सवय अजून काही ठिकाणी आहे. त्या तेलकटपणावर धूळ चिकटते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात, एवढाच त्याचा परिणाम.

गाडी धुऊन पुसून झाली की पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर रंगात कण रुतले आहेत असं समजा. रेल्वेमार्गाजवळ किंवा कारखान्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे हमखास होतं. त्यासाठी क्ले नावाचा मऊ गोळा मिळतो. पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून तो हलक्या हाताने फिरवायचा. हातातून जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, कितीही महाग असला तरी.

आता पॉलिश आणि वॅक्स. दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात आणि बोलताना आपण दोन्हीला पॉलिशच म्हणतो, पण त्यांची कामं उलटी आहेत. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा अगदी थोडा थर काढतात, आणि उथळ रेघा त्या थराबरोबर जातात. वॅक्स काही काढत नाही, वर एक पातळ पडदा घालतं. म्हणजे पॉलिशला हिशेब आहे. 40-50 मायक्रॉनच्या भांडवलातून ते थोडं थोडं खर्च करतं. म्हणून दर सर्व्हिसिंगला ‘साहेब, रबिंग-पॉलिश करून देऊ?’ असं कुणी विचारलं, तर बहुतेक वेळा नको म्हणा. गाडी नवी असेल तर नक्कीच नको म्हणा.

रेघा खरंच खटकत असतील, तर हाताने करायचं बारीक पॉलिश घ्या. नवशिक्यांनी रबिंग कंपाऊंडच्या वाटेला जाऊ नये, फिरत्या मशीनच्या तर नाहीच. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथे क्षणात पत्र्यापर्यंत पोहोचतं. आधी नख फिरवून बघा. नख अडकत असेल तर तो ओरखडा खोल आहे, पॉलिशने जाणार नाही, नाद सोडा. नख अडकत नसेल तर डिकीच्या कोपऱ्यात फूटभर जागेत करून बघा. फोमच्या चकतीवर वाटाण्याएवढं पॉलिश, मध्यम दाब, आडवे-उभे हात, मग स्वच्छ फडक्याने पुसणं. हाताने केलेल्या पॉलिशने गाडी शोरूममधली होत नाही, रेघा निम्म्या झाल्या तरी समाधान माना. जुन्या गाडीवर फडक्याला गाडीचाच रंग लागला तर घाबरू नका. त्या गाडीला वेगळा क्लिअर कोट नसतो, इतकंच. मॅट रंगाच्या गाडीला मात्र पॉलिशही नाही आणि वॅक्सही नाही, ते ठिगळासारखं चमकून उठतं. आणि गॅरेजमध्ये नुकताच रंग मारलेला भाग असेल, तर त्यावर वॅक्स कधी चालेल हे रंगाऱ्याला विचारा. तो रंग पूर्ण सुकायला आठवडे लागतात.

वॅक्स म्हणून सगळ्यात नावाजलेलं कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर ते उन्हापासून बचावासाठी तयार होतं. 80 अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय ते वितळत नाही, म्हणून नागपूरच्या मे महिन्यातही बॉनेटवरून ओघळत नाही. टिकतं मात्र महिना-दोन महिने. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतात, आणि ज्यांना दर दोन महिन्यांनी हात चालवायचा कंटाळा आहे त्यांनी तेच घ्यावेत.

लावताना सगळे एकच चूक करतात, ती म्हणजे खूप लावतात. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसताना दम मात्र निघतो. फोमवर अगदी थोडं घ्या, एकेक भाग पातळ लावत जा. पाच-दहा मिनिटांत धुरकट दिसू लागलं की बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ चकाकी दिसली तर पुसायची वेळ झाली. काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग राहतात. पुढच्या काचेलाही नको, पावसात वायपर फिरवलात की धूसर दिसतं. वॅक्स संपलं की नाही हे पाणीच सांगेल. थेंब गोल उभे राहत असतील तर ते आहे, पाणी सपाट पसरत असेल तर संपलं.

वॅक्स खंडेनवमीपर्यंत आटपा, कारण दसऱ्याला गाडीवर हळद-कुंकू येणार, आणि वॅक्सवरून ते सहज निघतं. पांढऱ्या गाडीवर हळदीचा डाग राहिलाच तर काळजी नको, ऊन लागलं की तो फिका होत जातो. कुंकवातला रंग तितका समजूतदार नसतो. ओलं कुंकू रात्रभर राहू देऊ नका, किंवा स्वस्तिक काचेवर काढा. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर तो बॉनेटवर घासू देऊ नका. दोऱ्यातला हार मागून घ्या.

धुऊन झालेली गाडी लगेच हॅण्डब्रेक ओढून उभी करू नका. ओल्या ब्रेक डिस्कवर गंज धरतो आणि पॅड चिकटतात. गल्लीत एक फेरी मारा, दोन-चारदा हलका ब्रेक दाबा, मग लावा. आणि फडकी? ती घरातल्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका, सुती कपड्यांचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, इस्त्रीही करू नका, कारण मायक्रोफायबर म्हणजे शेवटी पॉलिएस्टर आणि नायलॉन. सौम्य साबणाने वेगळी धुवा, सावलीत वाळवा, पिशवीत बंद करून ठेवा. एखादं फडकं जमिनीवर पडलं, तर ते पुन्हा धुवेपर्यंत गाडीला लावू नका. चाकं पुसायला त्याला बढती द्या.