घाई कुठे, धीर कुठे
(वसंत व्याख्यानमाला, गोंडपिपरी)



मोहफुलं वेचून झाली, आता तेंदूपत्त्याचे दिवस आहेत. पहाटे जंगलात गेलेला माणूस दुपारी पुडके बांधायला बसतो. छाती भरून येते, डावा हात दुखतो, दरदरून घाम सुटतो. घरचे म्हणतात, ऊन लागलं, गॅस झाला. सोडा पाजतात, बाम चोळतात, ‘जरा पड’ म्हणतात. बघता बघता दिवस मावळतो. आज मला त्या दुपारबद्दल बोलायचं आहे.

हृदय साऱ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःला रक्त मिळतं ते त्याच्यावरच्या बारीक धमन्यांतून. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि साखर यांमुळे त्या धमन्यांत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका. पाट तुंबला की पुढची धानाची बांधी सुकते, तसंच हे. फरक एवढाच, की धानाला दोन दिवसांची सवलत असते. हृदयाचा स्नायू अर्ध्या तासातच मरायला लागतो.

ही गुठळी विरघळवता येते का? 1988 साली ‘आयसिस-2’ या संशोधनाने याचं उत्तर दिलं. सोळा देशांतले 17,187 रुग्ण त्यात होते. औषधं दोन: गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन. कुणाला खरं औषध आणि कुणाला औषधासारखंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्यायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरलाही नाही. दोन्ही औषधं न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत शंभरांतले तेरा दगावले. दोन्ही मिळालेल्यांत आठ. ॲस्पिरिनची आख्खी पट्टी तंबाखू-सुपारीच्या एका खर्ऱ्याच्या पैशात येते.

मग आपली माणसं का जातात? भारतातल्या 89 रुग्णालयांतल्या हृदयविकाराच्या 20,468 रुग्णांची ‘क्रिएट’ ही पाहणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना दवाखाना गाठायला सहा तास किंवा त्याहून अधिक लागले होते. गरिबांमधले मृत्यू श्रीमंतांपेक्षा जास्त होते. पण उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर मृत्यूंतला फरक उरला नाही. मित्रहो, हे नीट ऐका. गरिबाचं हृदय कमजोर नव्हतं. त्याला औषध कमी मिळालं.

यावर वाट आहे. तामिळनाडूत छोट्या रुग्णालयांतच ईसीजी काढायचा, गुठळीचं औषध तिथेच द्यायचं आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं, अशी साखळी बांधली गेली. 2017 साली तिचे निकाल आले: वर्षभरातले मृत्यू शंभरांत साडेसतराच्या आसपास होते, ते चौदाच्या आसपास आले. आपल्याला चंद्रपूर दूर, नागपूर त्याहून दूर. म्हणून ही शिकवण आपल्यासाठीच आहे. पहिला ईसीजी जवळच्या दवाखान्यात, लगेच.

ही झाली घाईची बाजू. आता धीराची.

चालताना छाती दुखते आणि थांबलं की बरं वाटतं, असं महिनोन् महिने एकसारखं चालू असेल, तर तो वेगळा प्रकार. अशा स्थिर आजाराच्या 5,179 रुग्णांवर 37 देशांत ‘इस्केमिया’ हे संशोधन झालं. 2020 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेले आणि सुरुवातीला नुसत्या औषधांवर ठेवलेले, यांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. छातीदुखी मात्र अँजिओप्लास्टी किंवा बायपासने कमी झाली. मुख्य धमनीच अरुंद असेल, दुखणं औषधांना दाद देत नसेल किंवा बसल्या जागी दुखू लागलं, तर गोष्ट वेगळी. पण स्थिर आजारात अँजिओप्लास्टी किंवा बायपाससाठी रातोरात वावर गहाण टाकू नका. औषधं नेमाने घ्या, शांतपणे दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

आणि धीराचं सगळ्यात मोठं काम रोजचं आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांना 1995 साली हृदयरोगाने गाठलं. त्यांनी आहार, चालणं, ध्यान, सगळं जगणंच बदललं आणि त्यावर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या 86 गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा दर सातांतला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला आढळला. हृदय आणि मेंदू, दोघांचे वैरी बरेचसे तेच: रक्तदाब आणि तंबाखू. ‘इंटरहार्ट’ या 52 देशांतल्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक दिसला. पन्नीत घोटलेला तो खर्रा फक्त तोंडाचा शत्रू नाही.

शेवटी एक मागणं. तेंदूपत्त्याच्या फडावर कुणाची छाती भरून आली, तर फडमुन्शीने त्याच क्षणी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावावा. डॉक्टर फोनवर सांगतील, तर ॲस्पिरिन चावायला द्यावी. त्याला चालवू नये, गाडीवर एकट्याला पाठवू नये. पुडके राहू द्या, मोजणी उद्या होईल. आधी माणूस उचला.