पाऊल आधी, भार मागाहून



शाळेचा बक्षीस-समारंभ आणि नाट्यप्रवेश यांच्या दरम्यान पाहुण्यांना जी अल्प मुदत मिळते, तिच्यात एकच विषय मांडण्याची अनुज्ञा असावी. १९३८ साली युद्धाने होरपळलेल्या चीनच्या साहाय्यार्थ भारतातून जे पाच डॉक्टर गेले, त्यांत सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, तेव्हा ज्या देशाशी आपला असा ऋणानुबंध, त्याच्या ताई ची या संथ हालचालींच्या आणि ची गाँग या श्वासाच्या साधनेविषयी सीताबर्डीत चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

मूळची युद्धकला असलेल्या ताई चीचे, सामान्यजनांना झेपेल असे चोवीस हालचालींचे रूप चीनच्या क्रीडाखात्याने १९५६ साली सिद्ध केले. आणि त्याच दशकात जनार्दनस्वामींनी येथल्या रामनगरात योगाभ्यासी मंडळ स्थापून विनामूल्य योगशिक्षणाचा परिपाठ घातला. साधना प्रापंचिकाच्या अंगवळणी पडावी, हाच उभयतांचा हेतू.

ताई चीत पाऊल प्रथम रिकामेच टेकवतात आणि जमिनीचा भरवसा पटल्यावरच देहाचा भार हळूहळू त्यावर सोपवतात. ही मंदगती म्हणजे आळस नव्हे; वेगाच्या झोकात जो तोल आपोआप सावरला जातो, तो येथे एका पायाच्या स्नायूंना स्वबळावर सांभाळावा लागतो, म्हणून वेगाआड दडलेला दोष मंदगतीत तत्काळ उघडा पडतो. जोडीने करावयाच्या सरावात तर समोरच्याचा जोर जोराने न अडवता, त्याची दिशा ओळखून तो वळवावयाचा असतो.

आता हा धडा तालीमखान्याबाहेर आणा. प्रश्नपत्रिका हाती पडताच लेखणी चालवण्यापूर्वी ती एकदा संपूर्ण वाचणे, मोबाइलवरील झोंबऱ्या मजकुराला उत्तर धाडण्यापूर्वी एक दीर्घ श्वास पोटापर्यंत नेणे, वडील रागावले असता शब्दाला शब्द न भिडवता त्यांच्या रागाचे कारण शोधणे, व्हरायटी चौकात सिग्नलपाशी खांदे सैल सोडून दोन्ही पायांवर समतोल उभे राहणे, ही सारी त्याच विद्येची उपांगे होत. तिने औषधाची गरज संपते, असा माझा दावा नाही. पण उतावळेपणाने ओढवणारी बरीच संकटे तिने टळतील, अशी माझी खात्री आहे.

म्हणून जाणत्या शिक्षकापाशी शिकून रोज सकाळी पंधरा मिनिटे हा अभ्यास अवश्य करा. मात्र त्याचा हिशेब त्या पंधरा मिनिटांपाशी न मागता, दुपारच्या वर्गात, सायंकाळच्या रहदारीत आणि घरच्या वादात मागा. तेथे जमेची बाजू वाढत असेल, तरच अभ्यास झाला असे समजा.