डाग खाली, गळती वर

ट्रक जागेवरून हलला की जमिनीवर तेलाचा डाग दिसतो. मिस्त्री येतो, डागाच्या बरोब्बर वर जे ऑईल सील असेल त्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, हे बदला. तुम्ही बडोद्यात असा, हैदराबादेत असा की बेळगावात, हा मिस्त्री तुम्हाला भेटलेला आहे. त्याचं लगेच ऐकू नका. तेल वरून खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागेही ढकललं जातं. म्हणजे गळती डागाच्या वर असते, आणि बऱ्याचदा पुढे.

आधी तेल कोणतं ते ठरवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. इंजिन ऑईल काळं असतं. गिअर ऑईल घट्ट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो; एकदा नाकात बसला की विसरत नाही. क्लचच्या बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून यांपैकी कोणतंही टपकू शकतं, इंजिनच्या मागच्या सीलचं किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं. वास न घेता गिअरबॉक्स उतरवणारे लोक मी पाहिले आहेत. दिवस जातो, मजुरी जाते, तेल गळतंच.

मी महूला राहतो. ओळखीच्या एका मालकाचा वीसेक वर्षांचा सहाचाकी ट्रक नाशिकहून इंदूरला कांदा आणायचा. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडलेला असतो, तिथून तेल यायचं. तीन महिन्यांत तीन सील बदलून झाली. मालकांचं म्हणणं, ड्रायव्हर गिअर आपटतो. तिसऱ्या सीलचे पैसे त्याच्या पगारातून कापायचे. पोरगा पंचविशीचा, मान खाली घालून उभा. वाटेत बिजासन घाट. भरलेली गाडी तिथे खालच्या गिअरवर रोखून उतरवायची असते. तेलावाचून गिअरने साथ सोडली तर सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. पोराला भीती त्याची होती, पगाराची नंतर.

आम्ही गिअरबॉक्स डिझेलने धुतला, पुसून कोरडा केला आणि वर चक्क अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकली. वीस किलोमीटर गाडी फिरवून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खाली शिरलो. मागचं सील ओलं होतंच. पण वरच्या झाकणाचं पॅकिंगही ओलं, आणि स्पीडोमीटरची केबल जिथे आत जाते तीही जागा ओली. तीन जागा एकदम कशा बिघडतील? आत दाब साठत असणार.

गिअरबॉक्सच्या माथ्यावर ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी टोपी असते. आतली हवा तापली की तिथून बाहेर पडते. ३० अंशांची हवा बंद डब्यात ९० अंशांवर गेली तर तिचा दाब साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. ऑईल सीलचा पातळ ओठ एवढ्या दाबासाठी केलेलाच नसतो. या गाडीचा ब्रीदर चिखलाने भरला होता आणि रंगकाम करताना कोणीतरी त्यावरूनही ब्रश फिरवला होता! तारेने आणि डिझेलने तो मोकळा केला. फिलर प्लग उघडून पातळी पाहिली. सपाट जमिनीवर तेल भोकाच्या काठाशी हवं, जास्त भरलं तरी ते बाहेर येतं.

मागे थोडा पाझर उरला. फ्लँज काढून सील घासतं त्या जागेवर नख फिरवलं तर खाच लागली. जुन्या ट्रकमध्ये हे हमखास. नवं सील किंचित बाहेर बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर आला. खाच रुंद असती तर स्लीव्ह घालावी लागली असती.

मालकांनी पगार कापला नाही. पोराला दोन शब्दही बोलले नाहीत. ते मला खटकलं आणि मी त्यांना तसं सांगितलं.

अजून एक. पावसाळ्यात गाडी पाण्यातून काढली असेल तर दुसऱ्या दिवशी प्लग उघडून तेल बोटावर घ्या. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात गार होताना आत ओढतो, ब्रीदर नाहीतर सीलमधून पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं तर वरून भर घालू नका, सगळं काढून नवं भरा.